कर्ण्याचे पाठभेद

१

पनवेल–रोहा लोहमार्गावर आपटे मागे पडले की हमरापूरच्या अलीकडे जिते हे लहानसे स्थानक लागते. पेण तालुक्याचा हा पट्टा गणेशमूर्तींसाठी ओळखला जातो. हमरापूर, जोहे आणि खुद्द पेण येथल्या कारखान्यांतून दरवर्षी मूर्ती मुंबईला जातात, काही परदेशीही जातात. मूर्ती मंडपात पोचली की तिच्या दोन्ही अंगांना ध्वनिक्षेपकांची भिंत उभी राहते. उत्सवाचा आवाज म्हणजे या भिंतीचा आवाज, असे समीकरण आता इतके रूढ झाले आहे की त्यालाही काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

याच पट्ट्यात आम्ही काही मराठीचे अध्यापक गेली काही वर्षे जुन्या कर्ण्यांच्या नादाला लागलो आहोत. 'नाद' हा शब्द येथे दोन्ही अर्थांनी घ्यावा. उंची आणि जुन्या ध्वनिक्षेपकांचे वेड जगभर आहे. त्याची मासिके आहेत, संग्राहक आहेत, लिलाव आहेत आणि न संपणारे वादही आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला तो पैसेवाल्यांचा छंद वाटतो, आणि काही अंशी तो तसा आहेही. परंतु या वेडाच्या मुळाशी असलेला प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याला परका नाही. तो प्रश्न असा : मूळ आवाज कोणता, आणि तो 'जसाच्या तसा' ऐकवणे म्हणजे नेमके काय? हस्तलिखितांच्या अभ्यासकाने मूळ संहितेविषयी विचारावा तसाच हा प्रश्न आहे. या लेखात आम्ही कर्ण्याचा मराठी मुलखातला इतिहास या प्रश्नाच्या अंगाने पाहणार आहोत.

२

प्रथम शब्दाकडे पाहू. 'कर्णा' किंवा 'करणा' हा शब्द फारसीतून मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ लांब नळीचे, तुतारीच्या जातीचे फुंकवाद्य असा आहे. लष्करात आणि देवळांच्या नगारखान्यांत ते वाजत असे. ग्रामोफोन आला तेव्हा त्याच्या पसरट तोंडाच्या धातूच्या नळीला मराठी माणसाने सहजपणे 'कर्णा' म्हटले, आणि पुढे विजेवर चालणारे ध्वनिक्षेपक खांबांवर चढले तेव्हा हाच शब्द त्यांनाही चिकटला. संस्कृत 'कर्ण' म्हणजे कान. त्याच्याशी या शब्दाचा व्युत्पत्तीने संबंध नसला तरी मराठी कानाला तो जाणवत राहतो. बोलणारे यंत्र आणि ऐकणारे इंद्रिय एकाच उच्चारात जवळ आली, हा भाषेतला एक सुंदर योगायोग होय.

त्याच्या शेजारचा शब्द 'भोंगा'. मुंबईच्या गिरणगावात पाळी सुरू झाल्याची वर्दी देणारा तो भोंगा. त्यात ऐकणाऱ्याच्या मर्जीला जागा नव्हती. भोंगा झाला की निघायचे, एवढेच. २०२२ साली हा शब्द महाराष्ट्राच्या राजकारणात पुन्हा गाजला, तेव्हाही त्याच्या पोटात सक्तीने ऐकवण्याचा तोच अर्थ होता. शासकीय मराठीने पुढे 'ध्वनिक्षेपक' आणि 'ध्वनिवर्धक' हे शब्द रुळवले. एक आवाज फेकतो, दुसरा वाढवतो. इंग्रजी शब्दातल्या 'निष्ठे'चा, म्हणजे मुळाशी इमान राखण्याचा, अर्थ मात्र आपल्या कोणत्याच शब्दात उतरला नाही. 'हाय-फाय' हे संबोधन आपण उचलले खरे, पण त्यातील 'फाय' म्हणजे फिडेलिटी, अर्थात इमान, हे बहुधा विसरूनच.

३

कर्ण्यापूर्वीचा काळ आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. त्या दिवसापासून पुढची पाच दशके मराठी संगीत रंगभूमी केवळ माणसाच्या घशावर उभी होती. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचणे ही नटाच्या तालमीची पहिली अट होती. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच रंगमंचावर उभे राहिले. केशवरावांच्या चढ्या, धारदार आवाजाची आणि बालगंधर्वांच्या मृदू, शब्दाला गोंजारणाऱ्या गायकीची तुलना मराठी रसिकाने त्यानंतर पिढ्यान् पिढ्या केली. त्या तुलनेत मध्ये कोणतेही यंत्र नव्हते, हे आज मुद्दाम आठवावे लागते. आवाजाचा पल्ला हा तेव्हा आवाजाचाच गुण होता. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव वारले, आणि ती तुलना पुन्हा होणे नव्हते.

सभांचेही तेच. लोकमान्य टिळक १९२० साली गेले. त्यांच्या सभांत वक्त्याचा आवाज जिथवर जाई तिथवरच सभा असे, आणि पुढचे लोक मागच्यांना सांगत. १८९३पासून सार्वजनिक झालेल्या गणेशोत्सवाचा आवाज म्हणजे मेळ्यांचा आवाज होता. अनेक कंठ एकत्र आणून आवाज मोठा करण्याची ती मानवी रीत होती. गणपतीसमोर एक माणूस हजारांना ऐकवू शकत नव्हता. त्यासाठी पन्नासांनी एका सुरात गावे लागे. ध्वनिवर्धकाने ही गरज संपवली. मेळे ओसरण्याला इतरही कारणे होती. तरीही जिथे एक तबकडी आणि एक कर्णा पुरतो तिथे पन्नासांचा सराव कोण करणार, हा प्रश्न उरतोच.

४

ध्वनिमुद्रण भारतात आले तेही कर्ण्यातूनच, पण उलट्या दिशेने. १९०२च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेझबर्गने कलकत्त्यात गौहरजान यांचा आवाज मेणावर कोरून घेतला. गायकाने कर्ण्याच्या तोंडाशी येऊन गायचे. ध्वनीच्या लहरींनी नळीच्या टोकाचा पडदा हलायचा. पडद्याला जोडलेली सुई मेणात रेषा ओढायची. विजेचा संबंध नव्हता. तबकड्या छापण्यासाठी जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात. तिथल्या कामगारांना गाणे कोणाचे हे कळावे म्हणून गायक अखेरीस आपले नाव पुकारत. १९०८ साली कलकत्त्यात कारखाना निघाला, तरी नाव पुकारण्याची ती लकब काही काळ टिकली. गरजेपोटी आलेली गोष्ट शैली होऊन बसते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण वाङ्मयाच्या इतिहासातही क्वचितच मिळेल.

या पद्धतीत साधारण अडीचशे ते अडीच हजार हर्ट्झ एवढाच पट्टा पकडला जाई. खर्जातला तबला आणि तंबोऱ्याची आस जवळपास नाहीशी होई. उंच, टोकदार आवाज चांगले उमटत. भरदार, पसरट आवाज बसके वाटत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन मिनिटांच्या आसपास मावे. ज्या पदाला रंगभूमीवर 'वन्समोअर' मिळून अर्धा-पाऊण तास लागे, ते तीन मिनिटांत आटपावे लागे. ज्या ख्यालाला तास लागे त्याचा अर्क काढावा लागे. अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या तबकड्या आणि अखेरच्या वर्षांतली विद्युत ध्वनिमुद्रणे एकापुढे एक ठेवून ऐकली, तर एकाच गायकाचे दोन 'पाठ' हाती लागतात. त्यांतला किती फरक वयाचा, किती गायकीचा आणि किती कर्ण्याचा, हे कानाने सांगणे कठीण आहे.

त्यात वेगाचा घोळ. 'अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची' म्हणून ओळखली जाणारी प्रत्येक जुनी तबकडी त्याच वेगाने कोरलेली नसे. सत्तरीपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत फरक आढळतो. तबकडी तीन-चार फेऱ्यांनी जलद वाजली तरी आवाज जवळपास अर्ध्या स्वराने चढतो. 'पांढरी चार'मध्ये गाणारा म्हणून एखाद्या गायकाची कीर्ती असेल, तर ती त्याच्या घशाची की मोटरची, हे आधी तपासले पाहिजे.

५

१९२५ हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षी विजेने ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत बाजारात आली. त्याच वर्षी अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी नळीविना चालणाऱ्या ध्वनिक्षेपकाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. कागदी शंकू, त्याच्या टोकाला तारेचे वेटोळे, वेटोळ्याभोवती लोहचुंबक. तारेतून प्रवाह जातो, वेटोळे मागेपुढे हलते, शंकू हवा ढकलतो. आज आपल्या खिशातल्या यंत्रापासून मंडपातल्या भिंतीपर्यंत बहुतेक सर्व ध्वनिक्षेपक याच तत्त्वावर चालतात. शंभर वर्षांत फारसा न बदललेले दुसरे विद्युत उपकरण शोधावे लागेल.

बोलपटाने या यंत्राला मोठे काम दिले. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने चित्रपटगृहांसाठी बनवलेले '५५५' हे यंत्र १९२६चे. मोठ्या वळणदार कर्ण्याला ते जोडले की, व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकाने दिलेल्या मोजक्या वॅटमध्ये हजार माणसांच्या सभागृहात आवाज पोचे. मुंबईत गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' झळकला. पुढच्याच वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. त्यानंतर काही वर्षांतच संगीत नाटक मंडळ्यांची उतरण झपाट्याने झाली. नाट्येतिहासकार तिची अनेक कारणे देतात. आम्ही त्यांत एक जोडू इच्छितो : पडद्यामागच्या कर्ण्याने प्रेक्षकाच्या कानाची सवय बदलली. गोविंदराव टेंबे किंवा दुर्गा खोटे पडद्यावर कुजबुजले तरी ते शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू येई. रंगभूमीवर कुजबुज म्हणजे मोठ्याने केलेला कुजबुजीचा अभिनय. प्रेक्षकाला हा फरक एकदा कळला की जुनी रीत त्याला आक्रस्ताळी वाटू लागते.

राजकारणातही तेच घडले. मुंबईच्या मोटवाने कुटुंबाच्या 'शिकागो रेडिओ' या कंपनीने १९३०च्या दशकात काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवले. नाव शिकागोचे असले तरी कंपनी देशी होती. गांधी-नेहरूंच्या अनेक छायाचित्रांत त्यांच्यासमोरच्या मायक्रोफोनवर हे नाव वाचता येते. पुढे १९४२च्या लढ्यात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालवला. त्या खटल्यातील आरोपींत नानिक मोटवाने यांचेही नाव होते. गांधीजींचा आवाज बारीक आणि संथ होता. घशाच्या बळावर मैदान जिंकणाऱ्या वक्त्यांच्या परंपरेत तो बसत नव्हता. लाखोंच्या सभेत हळू, घरगुती सुरात बोलणे शक्य झाले ते या कर्ण्यांमुळे. आज ज्याला आपण गोंगाटाचे यंत्र म्हणतो त्याने एकेकाळी सार्वजनिक भाषणातला आरडाओरडा कमीही केला होता, याची नोंद इतिहासात असायला हवी.

६

घरात मात्र कर्णा शिरला तो रेडिओच्या लाकडी पेटीतून. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. वर्षभर दर आठवड्याला ग. दि. माडगूळकरांचे गीत आणि सुधीर फडक्यांचे संगीत, अशी छप्पन्न गीते झाली. लोक रेडिओभोवती जमत, काही घरांत त्याला हार घालत, अशा आठवणी सर्वत्र सांगितल्या जातात. तो हार कोणाला पडत होता? मुळात ती व्हॉल्व्हची पेटी, आत सहा-आठ इंची कागदी शंकू, समोर विणलेले कापड. त्यातून वरचे सूर मऊ होऊन येत, खालचे पेटीच्या लाकडाबरोबर थोडे घुमत आणि मधला पट्टा, म्हणजे माणसाच्या शब्दांचा पट्टा, अगदी जवळ येई.

आता समजा, या गीतांची मूळ ध्वनिफीत आजच्या उत्कृष्ट यंत्रावर ऐकली. तंबोऱ्याची तार स्पष्ट ऐकू येईल, गायकाचा श्वासही ऐकू येईल. हा आवाज १९५५च्या श्रोत्यांपैकी जवळजवळ कोणीही ऐकलेला नव्हता. मग 'मूळ' गीतरामायण कोणते? स्टुडिओत उमटलेले, की महाराष्ट्राच्या मनात उतरलेले? साहित्यकृती लेखकाच्या टेबलावर पूर्ण होते की वाचकाच्या मनात, हा आपल्या वर्गात नेहमी निघणारा वाद येथे दोन यंत्रांच्या रूपाने समोर येतो.

७

जुन्या ध्वनिक्षेपकांचे आधुनिक वेड दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांतल्या निर्मितीभोवती फिरते. पॉल क्लिप्शचा खोलीच्या कोपऱ्यात बसणारा कर्णा १९४०च्या दशकातला. इंग्लंडच्या टॅनॉय कंपनीचा एकाच केंद्रातून दोन पट्टे देणारा ध्वनिक्षेपक १९४७चा. पीटर वॉकर यांचा 'क्वाड' १९५७चा. त्यात शंकूच नव्हता, स्थिर विद्युतभारावर हलणारा पातळ पडदा होता. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७०च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एक चिमुकला ध्वनिक्षेपक केला, 'एलएस ३/५ए'. तो निवेदकाच्या बोलण्यातला दोष पकडता यावा, यासाठी होता. म्हणजे त्याची कसोटी माणसाचा बोलण्याचा आवाज ही होती. एका जातीचे यंत्र सभागृह भरण्यासाठी जन्मले, दुसऱ्या जातीचे एका माणसाचा उच्चार तपासण्यासाठी. दोघांचे चाहते एकमेकांना बहिरे म्हणतात.

त्यांच्या वादामागे गणितही आहे. जुन्या सिनेमाचा कर्णा एका वॅटमध्ये शंभर डेसिबलच्या पुढे जातो. बीबीसीची ती पेटी त्र्याऐंशीच्या आसपास थांबते. वीस डेसिबलचा फरक म्हणजे शंभरपट शक्ती. त्यामुळे कर्णेवाल्याला सात-आठ वॅटचा व्हॉल्व्ह पुरतो आणि पेटीवाल्याला शंभर वॅटही कमी वाटतात. लोहचुंबकाचाही इतिहास आहे. जुन्या ध्वनिक्षेपकांत कोबाल्ट असलेला 'अल्निको' चुंबक असे. १९७८ साली झैरमधल्या लढाईने कोबाल्टचे भाव भडकले आणि उत्पादक फेराइटकडे वळले. 'अल्निकोचा गोडवा' म्हणून शौकीन जे उसासे टाकतात, त्यामागे आफ्रिकेतल्या खाणींचे राजकारण आहे.

अमेरिकेने टाकून दिलेले सिनेमाचे कर्णे जपानी संग्राहकांनी वेचून नेले आणि त्यांना पुरातन वस्तूंची प्रतिष्ठा दिली. अमेरिकेतच १९७३ साली निघालेल्या एका मासिकाने 'निरपेक्ष ध्वनी' ही कसोटी मांडली : खऱ्या जागेत, यंत्राविना वाजणारे संगीत हेच मूळ, आणि प्रत्येक यंत्र त्याच्याशी ताडून पाहायचे. ही कसोटी तर्काला धरून आहे. अडचण एवढीच की मराठी श्रोत्याच्या अनुभवातून ते मूळच हळूहळू नाहीसे होत आहे.

८

जित्याला आमच्यापैकी एकाच्या घरी महिन्यातून एकदा आम्ही जमतो. तिथे एका बंद पडलेल्या चित्रपटगृहातून भंगारात निघालेला कर्णा आहे, आणि शेजारी अलीकडच्या घडणीची, सर्व पट्टे समान देणारी एक पेटी आहे. तबकडी तीच, ध्वनिवर्धक तोच, फक्त शेवटची जोडणी बदलायची. बालगंधर्वांची जुनी तबकडी नव्या पेटीवर लावली की आधी पाऊस ऐकू येतो. सुईची खरखर, तबकडीच्या मातकट लाखेची सळसळ, सगळे तपशीलवार येते. त्या पावसाआड दूरवर कोणीतरी गात असते. तीच तबकडी कर्ण्यावर लावली की पाऊस ओसरतो आणि गाणारा खोलीत येतो. कारण साधे आहे : कर्ण्याला वरचे पट्टे देताच येत नाहीत, आणि खरखर तिथेच राहते.

यांतले इमानदार यंत्र कोणते? नवी पेटी तबकडीशी इमान राखते. कर्णा आवाजाशी राखतो, किंवा निदान तसा भास निर्माण करतो. संपादनशास्त्रात हा भेद जुना आहे. हस्तलिखितातली प्रत्येक चूक, डाग, खाडाखोड जशीच्या तशी छापणारी लेखानुसारी आवृत्ती वेगळी, आणि अनेक पोथ्या ताडून संभाव्य पाठ सिद्ध करणारी चिकित्सक आवृत्ती वेगळी. भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. वि. स. सुखटणकरांच्या संपादनाखाली आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले आणि सबंध आवृत्ती १९६६ साली. व्यासांची मूळ संहिता हाती आली असे सुखटणकरांनी म्हटले नाही. उपलब्ध पोथ्यांवरून मागे जाता येईल तितके मागे जाऊन जो पाठ मिळतो तो त्यांनी दिला, आणि बाकीचे पाठभेद तळटीपांत ठेवले. हा संयम ध्वनिक्षेपकांच्या शौकिनांनी शिकण्यासारखा आहे.

कारण जुना कर्णाही आज 'जुना' राहिलेला नाही. कागदी शंकू दमट हवा पितो. कोकणातले चार पावसाळे त्याला पुरेसे असतात. सत्तरच्या दशकापासून शंकूच्या कडेला फोम लावू लागले. तो पंधरा-वीस वर्षांत भुगा होतो. चुंबक क्षीण होतात. मग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा आणखी कुठे शंकू बदलून घ्यावा लागतो. नवा कागद, नवी तार, जुनी चौकट. वाळवी लागलेल्या पोथीतले पान लेखनिकाने आठवणीने भरून काढावे तसा हा प्रकार आहे. अशा यंत्राला '१९४७चा आवाज' म्हणणे म्हणजे प्रक्षेपाला मूळ ओवी म्हणणे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अशाच भरींमुळे. आम्हाला कर्णा आवडतो तो त्याने गाणारा जवळ आणला म्हणून. पण 'आवडतो' आणि 'खरा आहे' यांत अंतर आहे, आणि रसिकाने ते अंतर राखले पाहिजे.

आमच्या तालुक्यातलेच आणखी एक उदाहरण. विनोबांचे जन्मगाव गागोदे पेण तालुक्यात आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर दर रविवारी प्रवचने दिली. तिथे ना मायक्रोफोन होता, ना कर्णा. साने गुरुजी लिहून घेत होते. 'गीता प्रवचने' आज आपण वाचतो तेव्हा विनोबांचा आवाज साने गुरुजींच्या लेखणीतून ऐकत असतो. त्या लेखणीचाही काही पट्टा असणार. काही सूर तिने पकडले असतील, काही निसटले असतील. मौखिक शब्दाचे कोणतेही जतन असेच होते. संतांच्या अभंगांपासून लोकगीतांच्या संग्रहांपर्यंत आपले बरेचसे वाङ्मय कोणत्या ना कोणत्या कर्ण्यातून आले आहे.

९

हा विषय केवळ छंदाचा का नाही, हे आता सांगता येईल. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी घातली. १८ जुलै २००५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्य शासनाला देता येते. नियम आवश्यक होता, आणि तो पाळला जात नाही हीच आमची तक्रार आहे. परंतु त्याचा एक अनपेक्षित परिणाम संगीतावर झाला. १९५३ साली सुरू झालेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चाले. या नियमांमुळे त्या रात्री आटोपत्या झाल्या. उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळी, हजारो श्रोत्यांसमोर गाण्याची सोय संपली. कायद्याने बंदी गाण्यावर नाही, ध्वनिक्षेपकावर आहे. यंत्राविना गायक पहाटेपर्यंत गाऊ शकतो. पण यंत्राविना हजारोंना ऐकवण्याची विद्या आपल्याकडे आता नाही, आणि यंत्राविना ऐकण्याची सवयही नाही.

आज पदवीच्या वर्गातल्या बहुतेक विद्यार्थ्यांनी शास्त्रीय गायकाचा उघडा आवाज कधी ऐकलेला नसतो. मैफल शंभर माणसांची असली तरी मायक्रोफोन असतोच. म्हणजे 'निरपेक्ष ध्वनी'ची कसोटी लावायला ज्या मुळाशी ताडायचे, ते मूळच आता तबकडीत उरले आहे, आणि तबकडी कर्ण्यावाचून बोलत नाही. जुन्या कर्ण्यांच्या वेडात जी तळमळ आम्हाला जाणवते ती यासाठी. ही माणसे यंत्राच्या नावाने यंत्रपूर्व आवाज शोधत आहेत. त्यांची वाट वाकडी असेल, पण शोध खोटा नाही.

मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेने सुरेश चांदवणकर आदींच्या पुढाकाराने तबकड्यांच्या सूची, नियतकालिक आणि श्रवणसभा यांचे मोठे काम केले. तबकड्यांचे संगणकीकरण आता घरोघरी होऊ लागले आहे. त्यात आम्हाला एकच सुचवायचे आहे. जुनी तबकडी उतरवून घेताना ती कोणत्या वेगाने वाजवली, कोणती सुई वापरली, खरखर किती आणि कशाने काढली, काय ऐकून वेग ठरवला, एवढे चार ओळींत लिहून ठेवावे. खरखर काढलेल्या आवृत्तीबरोबर न काढलेलीही जपावी. संपादक प्रस्तावनेत पोथ्यांचे वर्णन देतो, त्याहून हे काही वेगळे नाही. नाहीतर पन्नास वर्षांनी कोणी विद्यार्थी बालगंधर्वांच्या गायकीवर प्रबंध लिहील आणि त्यातली निम्मी निरीक्षणे कोणा अनामिकाने सोयीने लावलेल्या वेगाबद्दलची असतील.

हे काम अभियंत्यांवर सोडून चालणार नाही. यंत्र कसे चालते ते त्यांना अधिक कळते. पण एकाच शब्दाचे दोन पाठ समोर असताना घाईने एक खोडू नये, ही शिस्त साहित्याच्या अभ्यासकाची आहे. जित्याच्या त्या खोलीत कर्णा आणि पेटी यांचा निकाल आम्ही अजून लावलेला नाही. दोन्हीही शेजारी शेजारी ठेवली आहेत, आणि प्रत्येक तबकडी दोन्हींवर ऐकून वहीत दोन रकान्यांत नोंद करतो.